बांधावरची पालथी बादली

"आजवर मी मोजून घेतलेली एकही वस्तू फसलेली नाही!" असं छाती फुगवून सांगणाऱ्या त्या शेतकऱ्याला सगळे मोजपट्टी म्हणत. खिशात पोलादी टेप कायम. पाहुणा टेकायच्या आत हा खुर्चीची उंची घेणार! अशा वेळी त्याची बायको नुसती पडवीतल्या कपाटाकडे बघत असे. तेही मोजूनच घेतलं होतं. आठ वर्षं झाली, अजून दारातून आत जायचंय.

यंदा प्रश्न होता दुसऱ्या पेरणी यंत्राचा. या घराने नऊ वर्षं नांगर धरलेला नाही. जमीन उलथायची नाही, मागच्या पिकाचं काड तसंच पसरलेलं ठेवायचं आणि त्यातूनच बी आत सोडायचं. जुनं यंत्र तव्यांचं, म्हणजे गोल पाती जमीन चिरत जातात. कोरड्यात झकास! पण गेल्या वर्षी पाऊस हटता हटेना, ओल्या काडात तवे अडले आणि खालचं रान पेरायचंच राहिलं. ते रिकामं रान वर्षभर रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

"फणांचं घेऊ या," बायको म्हणाली. जुनं यंत्र तीच चालवायची. "फणांचे दाते काड बाजूला सारतात. तवे ओलं काड बियांबरोबर खाली कोंबतात. आणि तव्यांचं आहेच की आपल्याकडे!"

"अगं, अशी अंदाजाने शेती होत नसते! हिरवं तव्यांचं, लाल फणांचं, दोन्ही मागवतो. मागच्या रानात अर्धं-अर्धं पेरतो आणि दहा दिवसांनी रोपं मोजतो. तुझं लाल जिंकलं तर यापुढे यंत्रं तू निवडायची. ही टेपसुद्धा तुझी!"

"कबूल!"

आता या घरातला एक नियम सांगायला हवा. न नांगरलेलं रान पेरलेलं असो की नसो, दिसतं सारखंच. एकदा मोजपट्टीच्या वडिलांनी एकच तुकडा दोनदा पेरला होता. तेव्हापासून ठरलं, की पेरलेल्या भागाच्या कोपऱ्यात खुंटावर पालथी बादली घालायची. नियम अर्थातच मोजपट्टीनेच केला होता.

मोजपट्टी दिवसभर दुकानात दोन्ही यंत्रांची मापं घेत बसला. इकडे घरी ऊन छान होतं, जमिनीला पेरणीजोगा वाफसा होता. बायकोला राहवेना. मागच्या रानाचा डावा अर्धा भाग तिने जुन्या यंत्राने पेरून टाकला आणि बादली पालथी घातली. चाचणीला उजवा भाग होताच. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाय मोडलेल्या बहिणीकडे निघाली. निघताना म्हणाली, "मागच्या रानातल्या बादलीकडे लक्ष असू द्या हं!"

"असतंय, असतंय!" मोजपट्टी टेप पुसत म्हणाला.

आणि लक्ष होतंच! यंत्राच्या नळीतून बी किती पडतं ते धरायला भांडं हवं म्हटल्यावर त्याला ती बादली लगेच आठवली. खुंटावरून काढली, सुलटी केली, नळीखाली धरली.

"दादा, रिमझिम चालू आहे. काड ओलं झालंय," दोन्ही यंत्रं घेऊन आलेला विक्रेता म्हणाला.

"मग तर खरी परीक्षा!" म्हणत मोजपट्टीने डावीकडे हिरवं फिरवलं, उजवीकडे लाल.

दहाव्या दिवशी बायको परतली तेव्हा मोजपट्टी फाटकातच उभा. विक्रेत्यालाही बोलावून ठेवलेलं.

"हातभर चौकटीत उजवीकडे तुझ्या लालची तीस रोपं. डावीकडे हिरव्याची किती? बावन्न! आणि ओळी बघ, उभ्याही आणि आडव्याही! केवढं पुढारलेलं यंत्र!"

"आमचं यंत्र एकाच दिशेने पेरतं," विक्रेता पुटपुटला. "पण गिऱ्हाईक खूश आहे म्हटल्यावर मी कशाला बोलू?"

बायको बांधावर उभी राहून बघत राहिली. मग तिने खुंटाकडे पाहिलं.

"अहो, बादली कुठे आहे?"

"बादली? ती मी बी धरायला..." मोजपट्टी रिकाम्या खुंटाकडे वळला.

बायको हसत सुटली. हसता हसता बांधावरच बसली. मग डोळे पुसून चौकटीशी वाकली. "मी पेरते उभं. तुम्ही पेरता आडवं. मोजा आता!"

मोजपट्टीने मोजलं. उभी चाळीस. आडवी बारा. पुन्हा मोजलं. तरी बाराच! बोटाने एक आडवी ओळ उकरली, तर ओल्या काडाच्या घडीत बी नुसतं कुजून पडलेलं. तो उठला आणि खिशातली टेप काढून बायकोच्या हातात दिली.

"वहिनी, मग लाल?" विक्रेत्याने विचारलं.

"लाल!"

लाल आलं त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. बायकोने यंत्र नवऱ्याच्या हाती दिलं. भुरभुर पावसात फण काड सारत सुरसुर निघाले, कुठे म्हणून अडले नाहीत. वर्षभर रिकामं राहिलेलं खालचं रान पेरताना मोजपट्टी चक्क गात होता! अर्धं पेरून झालं तेव्हा तो चहाला वर आला. चेहरा फुललेला, कपडे चिंब.

"पहिल्या दर्जाचं यंत्र निवडलंस हो!" तो मनापासून म्हणाला.

तिलाही बरं वाटलं. तिने चहा पुढे केला आणि खिडकीतून खाली पाहिलं. रान इथून तिथवर सारखंच दिसत होतं.

"कुठपर्यंत आलंय?"

"ते काय, बादली घातली आहे ना तिथ..."

मोजपट्टीची नजर दाराकडे गेली. पावसात डोकं भिजू नये म्हणून त्याने वर येताना काहीतरी डोक्यावर धरलं होतं. ते आता दाराशी पालथं पडून निथळत होतं.