'खुशाली'चे एकशे बारा पत्ते

माणिकराव आधी पत्ते लिहायचे आणि मग लेख.

"कोणाला सांगायचं ते ठरल्याबिगर काय सांगायचं ते कसं ठरणार, गुरुजी?" असं वर मलाच विचारायचे. आणि शाळेत निबंध शिकवायचो मी!

मस्तगड मोहल्ल्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई. टायपिस्ट म्हणून सरकारी नोकरीत जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर 'खुशाली' नावाचं दोन पानी मासिक सुरू केलं. स्टेन्सिल ते टाइप करायचे. त्यावरून शाईनं प्रती काढायच्या सायक्लोस्टाईल यंत्राचा दांडा मी फिरवायचो, कारण एकदा सहज 'फिरवू का?' म्हणून बसलो होतो. अंबडच्या बसची बदललेली वेळ, डोळ्यांचे डॉक्टर कोणत्या वारी येतात, आणि चहात आलं कधी टाकावं यावर अग्रलेख! असे एकशे बारा अंक दर महिन्याला टपालानं जिल्हाभर जायचे, फुकट.

"आधी फायदा बोला, मंग धोका बोला," हे त्यांचं पालुपद. वांगी घेतानाही सोडायचे नाहीत. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "फायदा तुमचा, धोका माझा. उचला आता."

एकदा औरंगाबादच्या एका दैनिकाचा माणूस शोधत आला. म्हणाला, दर रविवारी तुमचं सदर छापतो, हजारो लोक वाचतील, हे काळ्या हातांचं काम सोडा. मात्र तेच लेखन दुसरीकडे छापायचं नाही, म्हणजे 'खुशाली' बंद. माणिकरावांनी त्याला चहा पाजला आणि दोन दिवसांची मुदत मागितली. मग मला धरून बसवलं.

"फायदा बोला."

"सुबक छपाई, मोठं नाव, माझ्या दंडाला आराम."

"धोका?"

"मजकूर कापतील. उद्या सदरच बंद केलं तर विचारणार कोण?"

"ते चालतंय. वाचणाऱ्यांचे पत्ते देतील का मला?"

"पत्ते? अहो, पेपर कोण वाचतं हे पेपरवाल्यांनाच ठाऊक नसतं!"

"मंग न्हाई जमायचं," ते म्हणाले.

मला रागच आला. "लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तुम्ही तोंड धुवायला निघालात!"

माणिकराव उठले. पत्त्यांची वही आणून त्यांनी पहिलं पान माझ्यासमोर धरलं. पहिलाच पत्ता जाफराबादचा, आडनाव त्यांचंच.

"धाकटा भाऊ. वाटणीत बोलणं-चालणं बंद झालं. धा वर्सं झाली. किती पत्रं धाडली, सगळी परत. वर लिहून यायचं, 'घेण्यास नकार'. मंग हे सुरू केलं."

"मासिक? भावासाठी?"

"पत्र घ्यायचं म्हंजे त्याला कमीपणा वाटून राह्यला, गुरुजी. हे तर समद्यांनाच जातं. घेतलं तर कोण काय म्हणणार? न्हाई घेतलं तर माघारी येतं, म्हंजे मला कळतं. पेपरात छापलं तर त्यानं वाचलं का न्हाई, मला कसं कळावं?"

दर अंकाच्या तळाशी एक ओळ असायची : 'आईची तब्येत बरी आहे, जेवण जाते.' जागा उरते म्हणून टाकत असतील, असं मी समजत होतो. माझी मलाच लाज वाटली. बाकीचे एकशे अकरा पत्ते त्या एका ओळीच्या सोबतीला होते.

दैनिकाला नकार कळवला. पुढचा अंक गेला आणि आठ-दहा दिवसांनी पोस्टमननं तीन अंक परत आणून दिले. माणिकरावांनी ते एकेक करून पाहिले. दोघांची बदली झाली होती, एक जण वारला होता. तिसरा खाली ठेवल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "माय, घेतला त्यानं!"

आतून म्हातारीचा आवाज आला, "बराबर पाह्यलं का?"