बारा आकडे गप्प

अमीनच्या जुन्या सामानाच्या दुकानात टेबलावर दोन कॅमेरे होते, आणि पिराजी जिनगर त्यांच्याकडे घोडा पारखायला आल्यासारखा बघत होता. तीन पिढ्यांचं खोगिरं शिवायचं काम त्यानं कालच बंद केलं होतं. दारावर फोटोची नवी पाटी लागली होती. कॅमेरा तेवढा यायचा होता.

"ह्यो घे," अमीननं पोपडे सुटलेला काळा डबा पुढं सरकवला. "दिसायला दळभद्री हाय, खरं भिंग बघ. चुटकीसरशी चेहरा घेतंय."

पिराजीनं दुसऱ्या कॅमेऱ्याचा, भिंगामागचा भाता उघडला. लाल चामडं, घडीवर घडी, कडेला दुहेरी टाका. त्यानं नखानं टाका खरवडून बघितला, चामडं नाकाला लावलं.

"ह्येला म्हंत्यात काम."

"आरं, तू फोटो काढणार हाईस का ह्येच्यावर बसणार हाईस? ह्येचं भिंग म्हातारं झालंय. बारा आकडं मोजंस्तवर समोरच्यानं हलायचं न्हाय."

"बारा आकडं गप बसायला काय लागतंय?"

कोल्हापुरात बारा आकडे गप्प बसलेला माणूस आपण अजून पाहिलेलाच नाही, हे पिराजीच्या ध्यानात यायला आठवडा लागला.

एक. दोन. हंबीरराव पैलवान छाती फुगवून बसले. तीन. चार. "पिराजी, मिशी दिसतीया न्हवं?" पाच. माशी. सहा. माशी मेली.

फोटोची काच धुतली तर तीन डोकी निघाली.

"मी माझा फोटू काढ म्हणलंतं," हंबीरराव गरजले. "तू दत्तगुरू काढलास व्हय रं?"

धोंडुबाईला नाक आलं नाही. जोतीराम मास्तर खुर्चीसकट विरघळले.

मग मल्लाप्पा वाणी वारले.

दोन वर्षांपूर्वीच्या गाठीच्या तापात, प्लेगात, घराघरातली माणसं गेली होती, आणि आता त्यांचे चेहरेही जायला लागले होते. मल्लाप्पांच्या थोरल्याला तापात गेलेल्या आईचं नाक आठवत नव्हतं. बाप तरी राहू दे म्हणून त्यानं पिराजीला बोलावणं धाडलं. लिंगायतांच्या रीतीनं म्हाताऱ्याला भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार. पिराजीनं बारा मोजले. मग भीत भीत वीसपर्यंत मोजले.

काचेवर भस्माची तिन्ही बोटं वेगवेगळी आली. हाराच्या पाकळ्या मोजाव्यात इतक्या आल्या. फोटो बघून थोरला भिंतीशी बसून पोटभर रडला.

तेव्हापासून पिराजीला कामाची कमी पडली नाही, पण जिवंत माणसं त्याला बघून रस्ता बदलू लागली. तिवई खांद्यावर टाकून तो एखाद्या घरापाशी चप्पल झाडायला थांबला तरी आतून हंबरडा ऐकू येई. जोतीराम मास्तर तापानं अंथरुणाला खिळले होते. पिराजी रिकाम्या हातानं, नुसती विचारपूस करायला गेला. खिडकीतून त्याला बघताच मास्तर उठले आणि मागच्या दारानं अनवाणी पळाले. ताप उतरला. बोलणं तुटलं.

"आये," पिराजी बयाबाईंना म्हणाला, "दारावर एक तरी जित्या माणसाचा फोटू लागाय पायजे. न्हायतर जलमभर मी मढ्यांचाच."

"मी बसते की."

"तू? तू झोपंतबी भांडतीस."

बयाबाई हिरवं लुगडं नेसून खुर्चीत बसल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. पापणीसुद्धा हलली नाही.

पिराजीनं काच धुतली. सुरकुतीन् सुरकुती आली होती. इतकी स्वच्छ काच आजवर एकाच तऱ्हेच्या माणसांनी त्याला दिली होती. ओली काच हातात घेऊनच तो स्वयंपाकघराकडं धावला.

बयाबाई भाकरी थापत होत्या.

"मल्लाप्पाची याद केली," त्या म्हणाल्या, "आन् मेल्यागत बसले. जमलं न्हवं?"

फोटो दारावर लागला. दुपारी धोंडुबाई गळा काढून आत आली आणि बयाबाईंना बघून त्याहून मोठ्यानं ओरडली. संध्याकाळी उचगावचे पावणे सुतकाच्या घरी न्यायच्या कडू जेवणाची पाटी घेऊन हजर. बयाबाईंनी पाटीवरचं फडकं स्वतःच काढलं.

"आलाच हाईसा तर बसा. पिठलं कुणी केलंय? मी मेले म्हणून मीठबी घालू ने व्हय?"

जेवता जेवता त्यांनी एकेकीचा पदर चाचपला. सख्खी भाची शालूबाई. तिचा पदर ठणठणीत कोरडा.

माघात त्या खरंच गेल्या. उचगावकरांनी आधी माणूस पाठवून खात्री करून घेतली.

तीच खुर्ची, तेच हिरवं लुगडं. पिराजीनं भिंगाचं टोपण काढलं.

एक.

दोन. मध्ये कुणी बोललं नाही.

तीन. "जेवलास का?" कुणी विचारलं नाही.

चार. पाच. त्यानं आधाराला तिवई धरली, तशी तीही हलायला लागली.

सहा. सात. सात. सात.

काचेवर बयाबाईंना चार ओठ आले. डोळे इकडंही होते, तिकडंही होते. हनुवटी कुठं थांबली ते कळत नव्हतं. त्या कॅमेऱ्यापुढं हललेलं ते एकच मढं. पिराजीनं दारावरचा स्वच्छ फोटो उतरवला आणि तिथं हा लावला.

सुतकाचे दिवस झाल्यावर हंबीरराव पैलवान रस्त्यानं चालले होते. दारापाशी थांबले, मागं सरले, परत पुढं आले.

"ह्यो कधीचा रं?"

पिराजीनं फोटोवरची धूळ पुसली.

"ह्यो खरा. पयला बगून मला कापरं भरायचं. ह्यात म्हातारी शिव्या देतीया बग." त्यांनी जोडा काढला, आत येऊन खुर्चीत बसले आणि मिशीला पीळ भरला. "माजाबी असाच काढ. गप बसू काय?"

पिराजीनं टोपणाला हात घातला.

"बोला," तो म्हणाला.