गौरीची पंगत

उदगीरच्या उमाबाईंनी राज्याच्या सीमेपलीकडच्या एका हत्ती-केंद्रावर आठवडाभर व्हॉलंटियर म्हणून जायचं ठरवलं, आणि त्यांचे यजमान शरणप्पा "म्या बी येतो" म्हणाले. घोटाळा झाला तो तिथंच.

शरणप्पांचं दुकान गुळाचं, पण नाव होतं ते पंगतीत आग्रह करण्याबद्दल. जळकोटच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला त्यांनी अकरावी जिलबी खाऊ घातली होती. (मामाला सलाइन लावावं लागलं, पण पाहुणचाराला त्यानं नाव ठेवलं नाही!) केंद्राला भेट म्हणून त्यांनी गाडीच्या डिकीत गुळाच्या चार मोठ्या ढेपा टाकल्या.

केंद्रातली गौरी हत्तीण मिरवणुकांतून निवृत्त झालेली. पाय सुजलेले, म्हणून वजन उतरवायचं होतं. मूळच्या नांदेडच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "हात लावायचा नाही, पाठीवर बसायचं नाही, आहाराच्या चार्टबाहेर काही खाऊ घालायचं नाही." चारा मोजून द्यायचं काम गावातल्या नागुबाईंचं; त्यावरच त्यांचं घर चालायचं.

गौरीनं चारा संपवला आणि शरणप्पांकडं सोंड लांबवली. ते गलबलले. पंगतीतून कुणी उपाशी उठलेलं त्यांना बघवत नसे. इथं तर साक्षात गणपतीचं रूप! इकडंतिकडं बघून त्यांनी ढेप फोडली.

"घे माय, एकच खडा. माझी शपथ हाय तुला."

गौरीनं घेतला. पुन्हा घेतला. नको न म्हणणारं कुणीतरी त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

सातव्या दिवशी गौरी वजनकाट्यावर चढली आणि डॉक्टर हादरल्याच.

"वाढलं? नागुबाई, चारा तुम्हीच मोजता ना? मग उद्यापासून येऊ नका."

नागुबाईंच्या हातातला विळा गळून पडला. गप्प राहिलं तर शरणप्पांची अब्रू वाचत होती, पण त्या बाईची चूल विझत होती.

"त्या बाईचं काई न्हाई," ते कसंबसं म्हणाले. "गूळ म्या घातला. रोज. तीन ढेपा."

डॉक्टरांनी नागुबाईंची हात जोडून माफी मागितली.

"तीन?" उमाबाई किंचाळल्या. "आवो, डिकीत चौथी बी अर्धीच हाय!"

शरणप्पा खाली बघत म्हणाले, "पाहुण्याला एकटं जेवू घालत न्हाईत ना. म्हणून संगट म्या बी..."

डॉक्टरांनी नुसतं काट्याकडं बोट दाखवलं.

आता उदगीरच्या दुकानात गल्ल्यामागं गौरीच्या वजनाचा चार्ट टांगलाय. त्यात गौरीच्या खाली उमाबाईंनी यजमानांचं नाव घातलंय. दर सोमवारी नागुबाईंचा फोन येतो.

"अण्णा, गौरीचं उतरलं. तुमचं?"