जुन्याइतकीच नवी

जालिंदर पेट्रोलची टाकी मांडीवर घेऊन लाँच चालवी. त्याला तशी हौस नव्हती. नऊ वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यावर खात्याने ही पाच माणसांची लाँच सोडली, तेव्हा टाकी पार मागच्या फळीखाली होती, आणि तिच्यापासून इंजिनापर्यंत पाच फूट रबरी नळी होती. उन्हापावसाने नळीचं टोक चिरायचं, पेट्रोल ठिबकायचं. जालिंदर चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा बसवायचा, आणि ती तोकडी झाली म्हणून टाकी तेवढी पुढे ओढायचा. असा मजल दरमजल प्रवास करीत १९७४ साली टाकी त्याच्या मांडीवर येऊन बसली. तेलाच्या नळीचं तेच झालं होतं. तेलाचा डबा त्याच्या काखेत असे.

त्या मंगळवारी दोन्ही नळ्या मधोमध चिरल्या. आता कापायचं म्हटलं तर टाकी तोंडातच धरावी लागली असती. जालिंदर नळ्या घेऊन स्टोअरला गेला.

स्टोअरकीपर भाऊसो मूळचे दुष्काळी आटपाडीचे. त्यांनी जन्मात पाणी पाहिलं ते घागरीत. नोकरीने त्यांना जलाशयाच्या काठी आणून टाकलं, तरी ते पाण्याकडे पाठ करूनच बसत. त्यांचा एकच नियम होता : जुनं जमा करा, मग नवं मिळेल, तेही जुन्याइतकंच. हा नियम त्यांनी घरीही लावला होता. बायकोने, बनुबाईंनी, नवं लुगडं मागितलं तेव्हा भाऊसो म्हणाले, "जुनं जमा कर." बनुबाईंनी जुनं लुगडं बोचक्यात बांधलं, बोचकं ट्रंकेत टाकलं आणि ट्रंक घेऊन त्या पल्याडच्या काठाला थोरल्या बहिणीकडे, साळूबाईकडे निघून गेल्या. त्याला अठरा दिवस झाले होते. भाऊसो अठरा दिवस स्वतःच्या हातचं पिठलं खात होते.

कालच जालिंदरने बनुबाईंचा निरोप आणला होता : शुक्रवारी स्वतः न्यायला या, न्हाई आला तर दिवाळीपतोर हितंच. पल्याड जायला लाँच, नाहीतर डोंगरातून दोन दिवसांची पायपीट.

"नळ्या पायजेत, भाऊसो. एक पेट्रोलची, एक तेलाची."

"जुन्या जमा कर."

"ह्या घ्या. पर नव्या पाच-पाच फुटाच्या द्या."

"जुन्याइतक्याच मिळतील."

"आवं, कापून कापून कमी झाल्यात त्या."

"मग कापलेले तुकडे आण."

"ते पाण्यात टाकले की. नऊ वर्सं टाकतोय."

"मग पाण्यात जमा झाले. स्टोरात न्हाई झाले."

भाऊसोंनी मोजायची टेप काढली. टेप कापडी होती आणि तिचे पहिले तीन फूट उंदरांनी खाल्ले होते. नवी टेप मिळण्यासाठी जुनी अख्खी जमा करावी लागते. ती अख्खी नसल्याने नवी आली नव्हती. भाऊसोंनी पेट्रोलची नळी टेपेला लावली. टेपेवर आकडा आला पाच.

जालिंदरचा चेहरा फुलला. "बघा, पाच."

"पाचातनं उंदराचे तीन गेले. ऱ्हायले दोन."

तेलाची नळीही दोन फूटच भरली. भाऊसोंनी दोन-दोन फुटांच्या नव्या नळ्या कापून दिल्या. वर केसभर दिली नाही.

"शुक्रवारी वैनीस्नी आणायचंय तुमाला," जालिंदर जाता जाता म्हणाला.

"मग? आजपतोर ह्याच मापानं चालली न्हवं लाँच?"

शुक्रवारी भाऊसो इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन धक्क्यावर आले. जालिंदर डोकं खाजवत उभा होता. जुनी नळी नरम होती, वाकायची, ताणायची. नवी काठीसारखी ताठ. ती जालिंदरच्या मांडीपर्यंत वळेचना. इंजिनाच्या पलीकडे सरळ उभी राहिली.

"टाकी कुणीतरी पल्याडनं छातीशी धराय पायजे," जालिंदर म्हणाला.

"कुणी?"

जालिंदरने लाँचमध्ये पाहिलं. लाँचमध्ये भाऊसोच होते.

टाकी भाऊसोंच्या छातीशी आली, तेलाचा डबा खांद्यावर आणि पेढ्यांचा पुडा दातांत. लाँचची कड धरायला हात उरला नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटले.

"हलू नगासा, भाऊसो. नळी निसटंल."

मध्यावर भाऊसोंना शिंक आली. पेढे पाण्यात जमा झाले, नळी निसटली, इंजिन बंद पडलं. जालिंदरने नळी बसवली. मग लाट आली. तेलाची नळी निसटली आणि डबा सदऱ्यावर रिता झाला. चार वेळा इंजिन बंद पडलं आणि चारही वेळा भाऊसो कुलदैवताला नवस बोलले. लाँच पल्याड लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

काठावर बनुबाई ट्रंकेवर बसल्या होत्या. शेजारी साळूबाई. बनुबाईंनी नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आवं, ही टाकी उराशी का धरलीया?"

"नळी तोकडी हाय."

"तोकडी का?"

जालिंदर आभाळाकडे बघत म्हणाला, "जुन्याइतकीच मिळती, वैनी."

साळूबाईंनी हसू लपवायला तोंडाला पदर लावला. बनुबाईंनी लावला नाही.

"टाकीला उराशी जागा हाय, मी बसू कुठं? उद्या सांजंपतोर वाट बघते. नळी लांब करून या. न्हाईतर दिवाळी हायच म्होरं."

शनिवारी स्टोअर उघडायच्या आधीच भाऊसो दारात उभे होते. जालिंदरने कालच्या दोन्ही नळ्या टेबलावर ठेवल्या.

"ह्या तर नव्याच की, भाऊसो."

"मंगळवारी दिल्या. आज शनिवार. जुन्याच झाल्या." भाऊसोंनी टेप लावली. "पाच."

जालिंदर सवयीने म्हणाला, "पाचातनं उंदराचे—"

"टेप कुणाची रं?"

"सरकारची."

"तिच्यावर काय लिवलंय?"

"पाच."

"मग सरकारपरीस उंदीर मोठा व्हय?"

भाऊसोंनी पाच-पाच फुटांच्या दोन नळ्या कापल्या. टाकी नऊ वर्षांनी मागच्या फळीखाली परत गेली, तेलाचा डबा तिच्या शेजारी बसला. दुपारी बनुबाई आल्या, ट्रंकेसकट, ऐसपैस बसून. येताना त्यांनी जालिंदरला बरंच काही विचारलं, आणि जालिंदरनेही टेपेपासून उंदरापर्यंत काही राखून ठेवलं नाही.

रात्री बावीस दिवसांनी भाऊसोंच्या ताटात भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. दोन घास खाऊन झाल्यावर बनुबाई म्हणाल्या, "लुगडं घ्याय पायजे."

भाऊसोंनी घास गिळला. "जुनं..."

"करते की जमा. ट्रंकेतच हाय." बनुबाईंनी आणखी एक भाकरी वाढली. "मोजाय तुमची टेप आणू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाचं दुकान उघडलं तेव्हा पायरीवर पहिलं गिऱ्हाईक बसलेलं होतं. भाऊसोंच्या हातात जुनं लुगडं नव्हतं.