ओगलेकाकांचं वेल्स

ओगलेकाकांसमोर 'स्नोडन' हा शब्द उच्चारायची सोय नाही.

नारायण पेठेत राहणाऱ्या माणसावर हा शब्द उच्चारायची वेळ आयुष्यात कितीदा येणार, असं तुम्ही म्हणाल. मीही तसंच म्हणत असे. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा एक लहानसा देश आहे आणि तिथल्या सगळ्यांत उंच डोंगराला इंग्रजीत स्नोडन म्हणतात, या माहितीवाचून माझी बँकेतली तीस वर्षं अगदी सुरळीत गेली होती. पण निवृत्त झाले, दिवसभर घरी राहू लागले, आणि वरच्या मजल्यावर ओगलेकाका राहतात हे खऱ्या अर्थाने माझ्या लक्षात आलं.

काकांचं पूर्ण नाव भालचंद्र ओगले. वय एकोणऐंशी, बांधा छत्रीच्या काडीसारखा. खडकीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात जन्म गेला, त्यामुळे आजही वाण्याची यादी पट्टी लावल्यासारख्या सरळ अक्षरात लिहितात. काकू गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. आहे तो डोंगर. तोही इथला नाही.

गेल्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत आरती झाल्यावर जोशांची सून मृण्मयी मोबाइलवर फोटो दाखवत होती. ती ऑफिसच्या कामाला तीन महिने लंडनला होती.

"काका, तुम्हाला माउंटन्स आवडतात ना? हे बघा, वी डिड स्नोडन! फुल फॉग होता, पण टॉपवर गेलो आम्ही."

"कुठे गेलात?"

"स्नोडन, काका."

"असा डोंगर नाही."

"अहो, मी चढून आलेय!"

"चढला असाल. ज्याच्या डोक्यावर पाय दिलात, त्याला नाव विचारलंत का?"

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मी प्रसादाच्या ताटाकडे बघितलं. काका सुरू झाले होते. डोंगराचं खरं नाव 'अर् विद्वा'. त्याचा अर्थ समाधी. कोणाची, तर एका राक्षसाची. हा राक्षस राजांना मारायचा आणि त्यांच्या दाढ्यांचा झगा शिवून अंगावर घालायचा. शेवटी एका राजाने त्यालाच मारला आणि वर दगड रचले. "आणि लांबून बघणारे म्हणाले, बर्फ दिसतोय, ठेवा बर्फाचा डोंगर असं नाव! उद्या तुमच्या आजोबांच्या समाधीला कोणी 'पांढरा दगड' म्हटलं तर चालेल?"

सोसायटीत दाढी असलेले एकटे चेअरमन देशमुख. ते उगाचच हनुवटी चाचपू लागले.

"आता तिकडच्या लोकांनीसुद्धा ठरवलंय," काकांनी समारोप केला. "तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या पाट्यांवर, नकाशांवर, सगळीकडे अर् विद्वा. भोवतालच्या डोंगराळ मुलखाचं नाव एररी. आणि दक्षिणेकडच्या रांगांचं बान्नाय ब्रखैन्योग."

"म्हणजे नामांतर झालं म्हणा की," देशमुख म्हणाले.

"नामांतर कसलं? नाव होतंच. पाटी चुकली होती."

हे 'नाव होतंच' त्यांचं आवडतं वाक्य. ते ऐकलं नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये नाही. इस्त्रीवाल्याला सगळे 'इस्त्री' अशी हाक मारत. काकांनी त्याला जिन्यात थांबवून नाव विचारलं. रामअवध निघालं. तेव्हापासून 'इस्त्री आली' असं म्हणणाऱ्याकडे काका चष्म्यावरून बघतात. कारखान्यातही त्यांनी हाच उद्योग केला होता. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत गावाचं नाव साहेबी थाटात 'किर्की' लिहायची पद्धत होती. काका 'खडकी' लिहीत. साहेब नकाशा परत पाठवी, काका पुन्हा खडकी लिहीत. तीन खेपा झाल्यावर साहेबाने विचारलं, "व्हॉट इज युवर प्रॉब्लेम, ओगले?" काका म्हणाले, "सर, मी रोज सायकलने खडकीला येतो. किर्की कुठे आहे मला माहीत नाही. उद्यापासून तिकडे जायचं असेल तर रस्ता सांगा."

त्यांच्या हॉलमध्ये टीव्ही असायला हवा त्या भिंतीवर एररीचा नकाशा आहे. स्वतः काढलेला, ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत. डोंगर, तळी, ओढे, खिंडी आणि सगळी नावं देवनागरीत. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा अगदी जवळ जाऊन उभी राहिले. उंचीच्या रेषा इतक्या बारीक, की बोट फिरवलं तर चढ लागेल असं वाटावं. काकांनी मला एका जागी पट्टी टेकवून दाखवली.

"ही दरी बघा. गिर्यारोहक मंडळी हिला इंग्रजीत 'बिननावाची दरी' म्हणायची. पुस्तकांतसुद्धा तसंच. आणि खाली मेंढ्या राखणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिला कुम क्नैव्यॉन म्हणतायत. लोकरीची दरी. बिननावाची! अहो, नाव होतंच. यांनी विचारलं नाही."

"तुम्ही गेलायत का हो तिथे?" मी विचारलं.

"नाही."

"मग इतकं कसं माहीत?"

"चंद्राचा नकाशा काढणारे चंद्रावर जाऊन आले होते का?" असं म्हणून काकांनी पट्टी जागेवर ठेवली. म्हणजे मुलाखत संपली.

बरं, नुसत्या नावांवर भागत नाही. रोज दुपारी साडेचारच्या सुमाराला वरून मोठमोठ्याने बोलण्याचा आवाज येतो. कधी मराठी, कधी भलतंच काही. घशातून 'ख' येतो, जिभेच्या कडेने हवा सुटते. कुकर शिट्टी द्यायच्या आधी फुसफुसतो ना, तसं. ऑक्टोबरअखेर हा कार्यक्रम साडेपाचला सरकतो, मार्च संपता संपता परत साडेचारला येतो. आम्ही समजत होतो, काका पाठांतर करतात. देशमुखांचं मत जरा वेगळं होतं, पण एकट्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणून ते फक्त कानाजवळ बोट फिरवून दाखवत.

श्रावणातल्या एका दुपारी माझ्या दाराची बेल वाजली. दारात काका. हातात टॅब, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. काकांचं बटण चुकलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"कानडेबाई, आपल्याकडे इंटरनेट चालू आहे का? रस्ता खणताना आमची केबल तोडली त्यांनी. साडेचारला फोन आहे. चार पस्तीस झालेत."

"चालू आहे. या ना, बसा. इतकी घाई कसली?"

"फोन लागला नाही तर तो निघतो."

"कोण निघतो?"

"सुध्या."

"कुठे निघतो?"

"कात्रजला."

"मग जाऊ दे की. रिक्षा मिळेल."

"अहो, तो वेल्समध्ये आहे!"

मी पासवर्ड घातला. वरचे ते साडेचार-साडेपाच म्हणजे तिकडचे दुपारचे बारा, हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे नेतात, हे मला तेव्हा कळलं. टॅबवर ते गोल चक्र फिरत होतं आणि काका माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून तुकड्यातुकड्यांत सांगत होते. सुध्या म्हणजे डॉक्टर सुधाकर, त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तरुणपणी तिकडे गेला आणि डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात पन्नास वर्षं दवाखाना चालवला. तिथल्याच ग्वेनशी लग्न केलं. तिच्यासाठी तिची भाषा शिकला. घरात दोघं वेल्शच बोलत. दोन वर्षांपूर्वी त्याला विस्मरणाचा आजार जडला. आधी इंग्रजी गेलं. मग वेल्श गेलं. उरलं ते मराठी.

"आणि ग्वेनला?"

"तिला मराठी कुठून येणार?"

चक्र थांबलं. पडद्यावर एक लहानसा दिवाणखाना आला. मधोमध कोट घालून, टोपी चढवून एक गोरेपान म्हातारे गृहस्थ उभे होते. मागे दाराला पाठ लावून एक ठेंगणी बाई. तिची मूठ घट्ट मिटलेली होती. मला वाटतं, किल्ली त्या मुठीत होती.

"भाल्या! लेका, किती उशीर! मी बूट घालून उभा आहे."

"डबा भरत होतो रे. बस जरा."

"बसायला वेळ नाही. कात्रजची पहिली गाडी गेली असणार."

"दुसरी आहे. तू बस, मी येतो." काकांचा आवाज मी ओळखलाच नाही. गणपतीतला तो आवाज नव्हताच. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा असावा तसा होता, जरा उर्मट आणि जरा लाडिक.

डॉक्टर बसले. बाईंनी खुर्ची पुढे ओढून त्यांच्या शेजारी बसकण मारली आणि कपाळ पुसलं. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"भाल्या, सिंहगडावर ढग आलेत."

त्यांच्या खिडकीत काय दिसत होतं, ते टॅबच्या कडेला मलाही थोडं दिसलं. करडा, उंच, खांद्यापर्यंत ढगात गेलेला डोंगर. भिंतीवरच्या नकाशात काकांनी ज्याच्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात नाव लिहिलंय, तोच.

"किती आहेत?" काकांनी विचारलं.

"वरचं काही दिसतच नाही."

"मग आज नको. घसरेल. उद्या जाऊ."

"उद्या नक्की?"

"नक्की."

"शिरा आण. मागच्या वेळी विसरलास."

"आणतो. तू बूट काढ आता."

डॉक्टर वाकले. त्यांना नाडी सुटेना. बाई खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही बूट काढले, मोजे सारखे केले. डॉक्टर त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले.

"भाल्या, ही बाई फार चांगली आहे रे. मला वेळेवर जेवायला घालते. रात्री पांघरूण घालते." मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "कोण आहे ही?"

काकांनी चष्मा वर सरकवला.

"ती ग्वेन. तुझी बायको."

"माझी?" डॉक्टरांचा चेहरा उजळला. "अरे वा. बरं झालं."

खालून बाईंनी मान वर करून काहीतरी विचारलं. आपलं नाव तेवढं त्यांना कळलं असावं. काकांनी टॅब जवळ ओढला आणि अडखळत, शब्द चाचपत, एक लांबलचक वाक्य बोलले. तोच घशातला 'ख', तीच कडेने सुटणारी हवा. बाई ऐकत होत्या. एका जागी त्यांना हसू आलं. काकांचं व्याकरण चुकलं असणार, कारण बाईंनी एक शब्द सुधारून पुन्हा म्हटला आणि काकांनी निमूटपणे तो गिरवला. मग बाईंनी डॉक्टरांच्या गुडघ्यावर गाल टेकला आणि म्हणाल्या, "कारियाद." त्याचा अर्थ मी विचारला नाही. विचारायची गरज नव्हती.

फोन संपला. मी चहा टाकला. काकांना आपलं बटण चुकल्याचं तेव्हा दिसलं. पाठ फिरवून त्यांनी ते नीट केलं.

"दोन वर्षांपूर्वी ग्वेनचा मला इंग्रजीत फोन आला," ते म्हणाले. "म्हणाली, 'माफ करा, पण तुम्ही माझ्या नवऱ्याचे जुने मित्र. ही कात्रज कोण? रोज तिच्याकडे जायला निघतो.' पन्नास वर्षांचा संसार, आणि बिचारी महिनाभर त्या कात्रजच्या नावाने रडत होती. मी सांगितलं, बाई नव्हे हो, घाट आहे! शाळेत असताना आम्ही दर रविवारी कात्रजहून डोंगराडोंगराने सिंहगडावर जायचो. हसली खूप. मग विचारते, 'याचा नीट उच्चार कसा करायचा?' दहा वेळा म्हणून घेतला माझ्याकडून. कागदावर लिहून ठेवलाय तिने."

"म्हणून तुम्ही त्यांची भाषा शिकलात?"

"इंग्रजीत चालायचं की. पहिले काही महिने तसंच केलं. पण तो एकेक असं बोलतो ना... ते इंग्रजीत सांगितलं की नोटीस वाचून दाखवल्यासारखं वाटायचं. तिच्या घरात ती भाषा बोलणारं आता कोणी राहिलं नाही." काकांनी बशीत चहा ओतला. "पुस्तकं मागवली. मोबाइलवर धडे केले. नावांपासून सुरुवात केली. सुध्या पत्रांतून डोंगरांची नावं पाठवायचा, ती ओळखीची होती."

बाहेर रस्ता खणणारं यंत्र पुन्हा सुरू झालं. मी उठून खिडकी लावून घेतली.

"काका, शेवटी ग्वेनना काय सांगितलंत?"

"जे तो म्हणाला तेच. तू फार चांगली आहेस. वेळेवर जेवायला घालतेस. रात्री पांघरूण घालतेस."

"आणि पुढचं?"

काकांनी बशी खाली ठेवली.

"पुढचं मला अजून वेल्शमध्ये येत नाही," ते म्हणाले, आणि उठून माझ्या सिंकमध्ये आपली कपबशी स्वतःच विसळून पालथी घातली.