आता बरं, की आधीचं बरं?

चष्मेवाल्याची बायको छान गात असे, पण तसं तिला सांगायची सोय नव्हती. ओट्याशी मटार सोलताना ती गुणगुणे आणि कुणी ऐकतंय असं जाणवलं, की तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प होई. तिनं एकदा तरी आपल्या वाजवण्याबरोबर गावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून त्यानं टेनर गिटार आणली होती. तिला तारा चारच असतात. सहा तारा आवरायला त्याची बोटं पुरली नसती.

दुपारी दुकान बंद करून तो खिडकीत बसे. पडद्यातून ऊन गाळून येई, आतून गुणगुण येई आणि त्याचे डोळे आपोआप मिटत. पण पहिल्याच दिवशी त्याला जाणवलं, की तिचा सूर गिटारपेक्षा जरा खाली आहे. विचारायची तर चोरी. त्यानं तारा सैल केल्या. सैल तारा गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवर आपटून थरथरू लागल्या, तेव्हा तो वाद्यवाल्याकडे गेला.

"जाड तारा द्या."

"हिला बारीकच शोभतात. गाणार कोण आहे?"

"ते सांगता येणार नाही."

वाद्यवाल्यानं अशी गिऱ्हाइकं पाहिली होती. त्यानं मुकाट्यानं जाड तारा दिल्या.

नाकापेक्षा मोती जड. तारा खाचांत बसेनात. त्यानं फ्रेम घासायच्या कानशीनं खाचा रुंद केल्या. तरी तारा इतक्या उंच राहिल्या, की दाबताना बोटांना वळ उठले, म्हणून तारांखालची हाडाची घोडी घासली. दर घासणीला एकदा छेडून तो दुकानात भिंगं बदलताना विचारी तसं आत विचारी, "आता बरं, की आधीचं बरं?"

"दोन्ही सारखंच," आतून येई.

दुसऱ्या दिवशी तिचा सूर आणखी खाली. त्यानं आणखी जाड तारा आणल्या, घोडी आणखी घासली. शेवटी तारा पट्ट्यांवर आडव्या झाल्या आणि गिटारमधून बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज येऊ लागला. त्यानं सगळ्या तारा काढल्या आणि रिकामं खोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला खरंच रडू येत होतं.

तेवढ्यात आतून गुणगुण आली. मोकळी, उंच, पहिल्या बारीक तारांच्या बरोब्बर सुरात.

बायको मटारचं भांडं घेऊन दारात आली. "आज वाजवत नाही?"

"तुझ्या सुराला जुळत नव्हतं."

"माझ्या? मीच तुमच्यामागे उतरत होते. काल शेजारीण विचारत होती, घरी कोण पाहुणे आलेत, आवाज भारदस्त आहे म्हणून."

"पण पहिल्या दिवशी तूच खाली होतीस."

"सर्दी झाली होती मला."

"मग सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर मी गाते हे तुम्हाला कळलं नसतं का?"

त्यानं मांडीवरचं खोकं खाली ठेवलं.

"तुम्ही काही ऐकलं नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

"छे, मी कुठं ऐकलं?" तो म्हणाला.

त्यानं जुन्या चष्म्याच्या काडीचा काप घोडीखाली सरकवला आणि बारीक तारा परत चढवल्या. रुंद खाचांत त्या जरा खडखडत होत्या, पण वाजत होत्या. त्यानं छेडलं. आतून सूर आला, तो किंचित खाली. त्याचा हात खुंटीकडे गेला.

आत बायको शिंकली. त्यानं हात मागे घेतला आणि डोळे मिटून वाजवत राहिला.