काळोजी नाईक यांचे उपासाची हकिकत

श्रीजलदेवता कृपावंत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, एका काचेच्या राज्यात जे वर्तले ते जैसे पाहिले ऐकिले तैसे लिहितो. थोरांनी कान द्यावा, उणे अधिक पोटात घालावे.

राज्य दोन हात लांब, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी वसलेले, आणि त्याचे धनी राजश्री श्रीनिवासपंत, नोकरीतून निवृत्त जाहलेले. राज्यात सोनेरी मासे सरदार, आणि पंत रोज प्रातःकाळी त्यांस दाणे घालीत, आणि सरदार तोंडे वासून मुजऱ्यास येत. परंतु काचेवर शेवाळ माजले, सरदार दिसेनासे जाहले, मग पंतांनी बाजारातून एक सकर मासा आणिला: काळा, मिशाळ, अंगावर हाडाचे चिलखत, तोंड खालच्या अंगास. दुकानदार बोलिला, "काका, याला वेगळं काही घालू नका. काच चाटतो, उरलंसुरलं खातो." पंत बहुत संतोषले आणि त्यास काळोजी नाईक ऐसा किताब दिधला. नाईक दिवसा लाकडाआड दडून राहात, आणि दिवे मालवले की काच चाटीत, आणि काच लखलखीत जाहली. मग पंत आल्यागेल्यास दाखवीत, "ना खाणं, ना मागणं! असा चाकर शोधून मिळायचा नाही." आणि पाहुणे वाहवा करीत, आणि पंतांचे कुटुंब कुमुदिनीबाईसाहेब चहाचे रिकामे कप गोळा करून मुकाट्याने आत जात.

मग आश्विनमासी बाईसाहेब काच पुसावयास गेल्या, तों नाईक समोरच काचेस चिकटलेले, आणि त्यांचे पोट पार खपाटीस गेलेले. बाईसाहेबांनी पंतांस हाक मारिली.

"अहो, इकडे या. हा उपाशी आहे."

"अगं, तो शेवाळ खातो."

"शेवाळ राहिलंय कुठं? चाटूनपुसून संपवलं त्यानं. आणि दाणे तुमचे सरदार वरच्यावर गट्ट करतात."

"त्याला काय लागतंय? उरलंसुरलं पुरतं," ऐसे पंत बोलिले, परंतु बोलता बोलता वाकून पाहिले, आणि ते खपाटीचे पोट दृष्टीस पडले. चाकर डोळ्यांदेखत झिजला आणि आपण त्याचे कौतुक सांगत बसलो, याची पंतांस मोठी शरम वाटली. हा आता जगतो की नाही, ऐसी धास्ती पडली.

बाईसाहेबांनी काकडीची चकती स्टीलच्या काट्यास खोवून तळाशी सोडिली, तों सरदारांनी हल्ला केला. मग सरदार निजावे म्हणून पंतांनी सांजवेळी दिवे मालविले, टीव्हीवरील मालिकाही बंद केली, आणि उभयता अंधारात बसली, आणि जेवणाची वेळ टळली.

"येईल ना गं?"

"येईल. हे आपल्यासाठी मांडलंय, हे कळायला त्याला वेळ लागणार. सवय नाही ना."

मग नाईक लाकडाआडून निघाले, चकतीस मिशा लाविल्या, आणि मागे फिरले. पंतांनी बाईसाहेबांचा हात धरिला. नाईक पुनः आले, आणि चकतीस चिकटले ते सुटेचनात. पंतांचे डोळे भरून आले, आणि अंधार होता म्हणून त्यांनी ते पुसले नाहीत.

मग पंत म्हणाले, "तू बस, आज मी वाढून आणतो," आणि मुदपाकखान्यात गेले, जेथे पाण्याच्या पेल्यापलीकडे त्यांचा कधी संचार नव्हता. पाहतात तों एका ताटात ताज्या पोळ्या आणि भाजी झाकलेली, आणि बाजूस कालची पोळी आणि कढईची खरवड.

"कुमुद, हे कुणाचं?"

"माझं. तुमचं झालं की बसते ना मी. मला काय लागतंय? उरलंसुरलं पुरतं."

पंत झाकण हातात धरून उभे राहिले. मग दोन पाने मांडिली, कालची पोळी आपणाकडे घेतली, ताजी बाईसाहेबांस वाढिली, आणि उरलेली काकडी वेडीवाकडी चिरून त्या ताज्या पोळीशेजारी ठेविली. बाईसाहेब ताटाकडे पाहात राहिल्या, हात पुढे जाईना. पंतांनी घाई केली नाही. शेजारी बसून राहिले.

सारांश, नाईक बचावले, बाळसे धरिते जाहले, आणि त्या घरी दोन पाने एकदम मांडावी ऐसा हुकूम जाहला, तो अद्याप चालतो. त्या सांजेस बाईसाहेब थोड्या वेळाने जेवल्या. इतके वर्तमान.